विमानाला अच्छा

माझा धाकटा भाऊ पाहुण्यांना माझी नोकरी एका वाक्यात सांगतो, "हिला विमानाला अच्छा करायचा पगार मिळतो." नल्लकुंट्याच्या आमच्या घरात हा विनोद आता पार शिळा झालाय, तरी दर वेळी सगळे हसतात. मीही हसते. तो फारसं खोटं बोलत नाही.

ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो तेव्हा मी पुढच्या चाकाशेजारून चालते. कानावर हेडसेट, त्याची वायर विमानात खोचलेली. वर बसलेल्या वैमानिकाला मागचं काही दिसत नाही, जे आहे ते मी सांगते तेवढंच. पंखांच्या दोन टोकांशी दोन माणसं चालत असतात, कुठे काही घासत नाही ना ते बघत. ढकलून झालं की ट्रॅक्टर सुटतो. मग मी चाकातली पिन काढते, वायर काढते आणि वैमानिकाला दिसेल अशी डाव्या बाजूला लांब जाऊन उभी राहते. पिनेला लाल फीत असते. ती हात वर करून दाखवली म्हणजे खाली सगळं मोकळं आहे, आता निघा. तोही हात हलवतो. हाच आमचा अच्छा. मात्र त्याआधी पंखांकडची दोन्ही माणसं मला डोळ्यांनी दिसली पाहिजेत.

उजव्या पंखाला चाचा असायचे. सिकंदराबादहून येत, वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे. मला "अम्मा" म्हणायचे. चहाचं भारी वेड. दोन विमानांच्या मधे जरा उसंत मिळाली की गायब. त्यावरून सगळे त्यांची टर उडवायचे. त्या दिवशी सकाळी मात्र सुपरवायझरने सगळ्यांना ओळीत उभं करून दम भरला, "जागा छोड़के कोई भी चाय-पानी कू गया तो उसकी आज की हाजरी कट." बोलताना तो चाचांकडेच बघत होता.

मे महिना होता. दुपारी खालचं काँक्रीट असं तापलं की बुटातून चटका लागत होता. आम्ही एक भरलेलं विमान मागे ढकललं, डावं इंजिन सुरू झालं. उजवं वैमानिक वाटेत सुरू करणार होता. मी पिन आणि वायर काढून माझ्या जागी जाऊन उभी राहिले. डावीकडचा माणूस येऊन पोचला. चाचा आले नाहीत.

मी वाकून विमानाच्या पोटाखालून पाहिलं. पलीकडे चाकं, त्यांची काळी सावली आणि उन्हाची झळ, बाकी काही नाही. इंजिन चालू असताना वैमानिकाला न कळवता विमानाखाली जायचं नसतं, आणि वायर तर मी काढून बसले होते. काचेमागे त्याची मान खाली होती, काहीतरी वाचत होता. मी पिन मुठीत घट्ट धरून हात खालीच ठेवला.

वॉकीटॉकी खरखरला. सुपरवायझर होता. "क्या करते जी तुम? पिन दिखाओ, जाने देओ उसकू."

"सर, चाचा दिसत नाहीयेत."

"चाय कू गया होंगा! उनका रोजकाइच है. तुम दिखाओ."

ट्रॅक्टरवाल्यानेही मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं, हे कशाला लपवू? चाचा कुठल्यातरी जिन्याखाली बशीत चहा ओतत बसले असतील, आणि इकडे मी भरलं विमान उन्हात अडवून ठेवलंय. माझा करार महिनाअखेर संपत होता आणि पुढे ठेवायचं की नाही ते हाच सुपरवायझर ठरवणार होता. वडील निवृत्त, भावाचं शिक्षण चाललेलं. एक हात वर करायचा, बस. इतकं सोपं काम, पण हात आयुष्यात कधी इतका जड वाटला नव्हता, आणि तोही खालीच असताना! घामाने पिन निसटत होती. मला रडू यायला लागलं आणि रडण्याचा रागही यायला लागला. देवा, चाचा चहाच पीत असू देत. मी वेडी ठरू दे. नोकरी गेली तरी चालेल.

विमानाचा दिवा उघडझाप करू लागला. वैमानिक वाट बघत होता. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे धरले: थांबा. मग तळवे कानांवर ठेवले: बोलायचंय. शेवटी त्याने होकाराची मान हलवली. मी नाकाखाली गेले आणि वायर खोचली.

"उजव्या बाजूचा माझा माणूस दिसत नाही. इंजिन बंद करा."

"तो विमानाखाली आहे? नक्की?"

"नक्की नाही," मी म्हणाले. "तरी बंद करा."

वॉकीटॉकी कमरेला ओरडतच होता. मग इंजिनाचा आवाज उतरत उतरत थांबला, आणि मी धावले.

चाचा उजव्या पंखाच्या सावलीत, मोठ्या चाकांना लागून, त्यांच्या आड कुशीवर पडले होते. चाकं पुढे सरकली असती तर काय झालं असतं ते मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ पांढरे पडलेले. त्या सगळ्या उघड्या मैदानात सावली तेवढीच होती, म्हणून भोवळ आल्यावर तिथे गेले असतील. मी बाटली काढून त्यांच्या तोंडावर, मानेवर पाणी ओतलं आणि चाचा, चाचा म्हणून ओरडत राहिले. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी डोळे किलकिले केले. ओठ हलताना दिसले म्हणून मी वाकले.

"चाय कू नै गया था अम्मा," ते म्हणाले. "पानी कू भी नै गया. साब कू बोल देना."

चाचा वाचले, पण पुन्हा कामावर आले नाहीत. त्या दुपारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. रुग्णवाहिका गेली आणि मला परत पिन दाखवायला उभं राहावं लागलं, कारण विमान तर जायलाच हवं होतं. उजव्या पंखाला दुसरा माणूस आला. मी त्याला दोनदा पाहिलं, मग हात वर केला. वैमानिकाने आपला हात वर केला आणि विमान वळेपर्यंत तसाच ठेवला.

वॉकीटॉकीवर सुपरवायझरचा आवाज आला, आता नरमलेला. पुढच्या विमानाची जागा सांगत होता. सगळ्यांचे वॉकीटॉकी त्याच चॅनलवर होते. मी बटण दाबलं.

"सर, चाचांचा निरोप आहे," मी म्हणाले. "ते चहाला गेले नव्हते. पाणी प्यायलाही गेले नव्हते."