बस्त्यांवची होडी आणि तीन वाड्यांचे मंडळ

न हलणाऱ्या होडीच्या बुडाला कालवांचे शिंपले धरतात, तसे न हलणाऱ्या मंडळाला किस्से धरतात. मी आमच्या मंडळाची कचेरी झाडतो, चहा करतो आणि गप्प राहतो. त्यामुळे माझ्याकडे बरेच साचले आहेत.

रापणीचे जाळे कोणी कुठे टाकायचे यावरून देऊळवाडी, बंदरवाडी आणि खाडीपलीकडची क्रूसवाडी यांची भर समुद्रात लढाई झाली. वल्ह्यांनी डोकी फुटली. क्रूसवाडीच्या बस्त्यांवची होडी बंदरवाडीने ओढून नेली. मग शांततेसाठी अकरा जणांचे 'सागर सलोखा मंडळ' निघाले. होडी परत द्यायला तिन्ही वाड्यांचा एकमुखी होकार हवा, असा पहिला नियम झाला. वाळूत पडून होडीच्या फळ्या सुकत होत्या. बस्त्यांवचे पोट त्या होडीवर.

पहिली सभा कोणाच्या वाडीत घ्यायची, यावर आठ दिवस वाद. शेवटी खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर खुर्च्या मांडल्या, कारण तो कोणाचाच नव्हता. विषय वाचून होईतो भरती आली. अकराच्या अकरा जण जन्माचे मासेमार! गुडघाभर पाण्यातून खुर्च्या डोक्यावर घेऊन परतले.

पुढे बोर्ड. वर कोणत्या वाडीचे नाव? तोडगा म्हणून बोर्ड गोल केला. तर दोन नावे उलटी दिसू लागली. पेंटर वैतागून म्हणाला, "फिरतो बोर्ड लावा. वारो ठरवतलो कोण मोठो."

मग होडी पाहायला तिघांची समिती गेली. तिने सुरमई खाल्ली आणि अहवाल दिला : 'होडी आहे.'

बस्त्यांव म्हणाला, "ता माका म्हायत आसा."

फळ्या फुटू नयेत म्हणून तो रोज खाडी ओलांडून होडीवर पाणी ओतायचा. बादली बंदरवाडीचीच एक म्हातारी द्यायची. मंडळाने दोघांना नोटीस काढली : ताब्यातील होडी विनापरवाना भिजवू नये. म्हातारीने नोटीस बादलीखाली ठेवली.

परवाची सभा मात्र खरी रंगली. दोन सदस्यांत मारामारी व्हायची वेळ आली, म्हणून आधी देवाला गाऱ्हाणे घालायचे ठरले. देवळातले आबा नारळ घेऊन उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिन्ही वाड्यांच्या जाळ्यात मासळी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बस्त्यांवची होडी उद्याच्या भरतीक तेका परत गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अकराही आवाज आले. दारातल्या बस्त्यांवनेही होकार दिला आणि छातीवर क्रूस काढला. आबांनी नारळ फोडला.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "आबा, हा विषय आज अजेंड्यावर नव्हता."

आबा खोबरे वाटत म्हणाले, "मगे तसा तुमीच देवाक सांगा."