रग्बीची फायनल आणि सासूबाईंची मोटर

आमच्या पल्लवीचा रग्बीचा संघ यंदा विभागात पहिला आला, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे, असं त्यांच्या मॅडमनी चारचौघांत सांगितलं. (कसा, ते मला अगदी शेवटी कळलं. मग तुम्हाला तरी आधी कशाला सांगू?)

अमरावतीत माझं मोटर-वाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं चालू मोटरीच्या शेजारी उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे माणसाचा आवाज कसा होत असेल, तुम्हीच सांगा! मी घरात हळूच "चहा ठेव" म्हटलं, की शेजारच्या घरातही आधण ठेवतात. पल्लवी याच दुकानात लहानाची मोठी झाली. पाचवीत असताना तिला पान्यांचे नंबर पाठ होते. कॉलेज झालं की पोरगी दुकान सांभाळेल, असं आपलं माझ्या डोक्यात. आणि एक दिवस ती दोन्ही गुडघे फोडून घरी आली.

"काहून व, पडली का कुठं?"

"पडली नाई बाबा, पाडलं. मी रग्बी खेळून राहिली."

"हे काय असते?"

"लांबुळका बॉल असते. थो घेऊन पळाचं. समोरचीनं धरून आडवं केलं, का त्याले टॅकल म्हनते."

"आन् हे कॉलेजात शिकवते तुमाले?" मंदा, म्हणजे माझी बायको, कपाळाला हात लावून म्हणाली.

शिकवणाऱ्या कोमल मॅडम दिसायला एवढ्याशा, पण शिट्टी वाजवली की रस्त्यावरची ट्रॅफिक थांबते. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्या पालकांना बोलावलं. "मैदानावर सात, बाकावर पाच. या बाराही जणींनी आपापलं काम चोख केलं, की हंगाम आपला," त्या म्हणाल्या. मी हात वर केला.

"मॅडम, आन् पालकाचं काम?"

"पालकांनी शांत बसायचं."

राजेहो, अख्ख्या संघात सगळ्यात अवघड काम माझ्याच वाट्याला आलं!

पहिला सामना चांदूर रेल्वेला. पल्लवी बॉल घेऊन सुटली, तिच्या पुढे एक मैत्रीण अगदी मोकळी उभी. मला राहवलं नाही. "पुढं फेक व बेटा, पुढं फेक!" मी ओरडलो. घरात "पाण्याचा तांब्या आण" म्हटलं तर तीनदा सांगावं लागणारी ही पोरगी, तिनं तिथं एका हाकेत ऐकलं आणि पुढे फेकला. शिट्टी! रग्बीत बॉल हातानं पुढे फेकतच नाहीत म्हणे, मागेच द्यायचा. (पळायचं पुढे आणि द्यायचा मागे, असा खेळ कोणाच्या डोक्यातून निघाला असेल?) बॉल समोरच्यांकडे गेला आणि सामनाही त्यांच्याकडेच गेला.

परतवाड्याला मी तोंड गच्च बंद ठेवलं. पहिली पाच मिनिटं. मग पाहतो तर पल्लवी खाली आणि चार पोरी तिच्यावर! बापाचं काळीज, बाप्पा! "उठा ना व पोरीहो तिच्या आंगावरून!" करत मी मैदानात घुसलो. तेवढ्यात बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. दुकानात एखादी वस्तू खाली पडली की उचलून हातात द्यायची सवय. "घे व!" म्हणून मी तो पल्लवीच्या हातात दिला. ती उठली ती थेट रेषेपलीकडे! मी नाचायला लागलो. पंच शिट्टी तोंडात ठेवून माझ्याकडे पाहतच राहिले.

"काका, तुम्ही कोणत्या संघाकडून खेळताय?"

"माह्या पोरीकडून!"

तोही सामना गेला.

त्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, पल्लवीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. यापुढचे सगळे जिंकले तर अकोल्याला फायनल, आणि ती जिंकली तर राज्य स्पर्धा. पण तुमच्यामुळे आणखी एकदा शिट्टी वाजली, तर मी तिला बाकावर बसवीन. नियम म्हणजे नियम." पल्लवी मागे उभी होती. बुटाची लेस सोडून परत बांधत होती. मला लय वाईट वाटलं. परतीच्या एसटीत मी चांदूर बाजार येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत बसलो.

पुढचा सामना शेंदूरजनाघाटला. नेमक्या त्याच दिवसांत संत्रावाल्यांचे पंप दुकानात रांगेनं येऊन बसले, मला जाता आलं नाही. पोरी जिंकल्या. त्याच्या पुढचे दोन सामनेही पंपांपायी चुकले. तेही जिंकल्या. आता याला योगायोगच म्हणायचं! घरी मंदा आणि पल्लवी एकमेकींकडे पाहायच्या. मला वाटायचं, आनंदानं पाहतात.

अशी आली अकोल्याची फायनल. सकाळी अकरा वाजता. मी आदल्या दिवशीच जाहीर केलं, "मी येनार. तोंडात सुपारी धरून बसतो, हूं का चूं करनार नाई." पल्लवीनं आईकडे पाहिलं. मंदा मात्र गोड बोलली (तिथंच मला कळायला पाहिजे होतं).

"जरूर या. पन एक जबाबदारीचं काम हाये. मॅच झाल्यावर पोरीइले जेवाले लागनार. आईनं रोडगे कराचं कबूल केलं. तेवढा डबा घेऊन ग्राउंडवर या."

माझी सासुरवाडी अकोल्याचीच. मी हिशेब केला: नऊला पोचायचं, डबा उचलायचा, साडेनऊला मैदानावर. मंदा आणि पोरी सरळ मैदानावर उतरल्या, मी ऑटो करून सासुरवाडीला गेलो. दारातच सासूबाई उभ्या. पाच फुटांच्या आतली मूर्ती, हातात काठी, गुडघे कायमचे दुखणारे.

"या जवाईबापू! पाय धुवा."

"आई, बसत नाई. डबा द्या, निंगतो."

"निंगतो? रोडगे आत्ताच विस्तवात टाकले मी!"

अंगणात गोवऱ्यांचा धूर नुकता कुठे सुरू झाला होता. विस्तवात कणकेचे गोळे बापडे कच्चेच पडले होते. "किती वेळ लागन?" मी विचारलं. "होते लवकर," सासूबाई म्हणाल्या. आमच्या वऱ्हाडात 'होते लवकर' म्हणजे अर्ध्या तासापासून संध्याकाळपर्यंत काहीही.

चहा आला. चहामागे पोहे आले, वर लालभडक तर्री. "आई, घरून खाऊन निंगालो ना मी!" म्हटलं, तर त्यांनी काठी आपटली. "जवाई उपाशी गेला त कॉलनीत मी तोंड कसं दाखवू?" खाल्ले. पहिली बशी संपली म्हणून दुसरी, आणि दुसरी उरली म्हणून रागावल्या. दहा वाजले! मी ताडकन उठलो.

"आई, रोडगे राहू द्या, मी नुसताच जातो!"

"जा ना बापू, जा. तुमाले घाई हाये." त्यांनी पदर सावरला, एक लांब उसासा सोडला. "त्या बोअरच्या मोटरीचं पायते मी कोनाले तरी बोलावून. सकाळपासून चालूच होऊन नाई राहिली. नुसती घूं करते. तुमी नोका लक्ष देऊ."

नोका लक्ष देऊ! कोणाला सांगता? तीस वर्षं ज्या माणसानं मोटरी उघडल्या, त्याला सांगता, घुरघुरणाऱ्या मोटरीकडे लक्ष देऊ नका? मी पायात चढवलेली चप्पल काढली. पाच मिनिटांचं काम, म्हटलं.

साधी गोष्ट आधी पाहायची नाही, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. मी आधी केबल तपासली, मग सांधे तपासले, मग वाइंडिंग जळलं असेल म्हणून मनातल्या मनात मोटर वर काढायचीही तयारी केली. भिंतीवरची स्टार्टरची पेटी उघडली सगळ्यात शेवटी. पाहतो तर कंडेन्सरची, म्हणजे मोटरीला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या डबीची, एक वायर सुटलेली. सुटलेली कसली, बाजूला काढून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून नीट ठेवलेली!

"आई, ही वायर कोनं काढली?"

"उंदीर असन."

"उंदराले चिकटपट्टी लावता येते का?"

"आमच्या कॉलनीतले उंदीर लय हुशार हायत, बापू."

मी मान डोलावली. मान डोलावली, राजेहो! आणि पेटी उघडलीच आहे तर म्हणून वायर जोडून आतली धूळ झाडली, सगळे स्क्रू आवळले, बटण दाबलं. मोटर अशी सुरेल चालली की मी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकत उभा राहिलो. डोळे उघडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा!

"अरे बाप रे!"

"झाले हो रोडगे," सासूबाई म्हणाल्या. लुगडं बदलून, पिशवी घेऊन, त्या तयारच उभ्या होत्या. "चला, मीही येते."

मैदानावर पोचलो तर बाराही पोरी चिखलानं माखून नाचत होत्या. बारा विरुद्ध दहा, जिंकल्या! शेवटचा ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवणं, पल्लवीनं केला होता. ती आमच्याकडे धावत सुटली. मी दोन्ही हात पसरले. ती माझ्या बाजूनं निघून गेली आणि तिनं आजीला मिठी मारली.

"आजी, जमलं!"

"जमलं म्हंजे? तू सांगतलं तसंच केलं मी. आधी मेन बंद केला, मंग थे लाल वायर काढली, चिकटपट्टी लावली."

माझे हात पसरलेलेच राहिले. मंदाकडे पाहिलं, ती डब्याचं झाकण उघडायच्या गडबडीत. मॅडमकडे पाहिलं, त्या आभाळाकडे पाहत होत्या.

"मॅडम, तुमालेबी मालूम होतं?"

"काका, संघात प्रत्येकानं आपलं काम चोख केलं की हंगाम आपला. आज तुमचा वाटा सगळ्यात मोठा होता. तुम्ही दोन तास मैदानावर नव्हता!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. पल्लवीनं गळ्यातलं पदक काढून आजीच्या गळ्यात घातलं. "पूर्‍या हंगामातली सगळ्यात भारी टॅकल, आजी!"

"हे टॅकल काय असते व?"

"पळनाऱ्याले मधातच धरून आडवं करनं."

"हे होय? मंग तुह्या आजोबाले मी चाळीस वर्षं टॅकलच केली."

मी रुसून झाडाखाली जाऊन बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. थोड्या वेळानं पल्लवी रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पत्रावळ घेऊन आली आणि चिखलासकट शेजारी बसली.

"बाबा, रागावले का? तुमचा आवाज आला ना, का मले दुसरं काई ऐकूच येत नाई. मॅडमचं नाई, कोनाचंच नाई. तुमी पुढं फेक म्हनलं का माहे हात आपोआप पुढं जाते. मी काय करू?"

आता यावर माणसानं काय रुसावं? मी एक रोडगा चुरला, त्यावर तूप घेतलं, पहिला घास तिला भरवला. त्या दिवसाइतके गोड रोडगे मी आजवर खाल्ले नाहीत.

राज्य स्पर्धा पुढच्या रविवारी आहे, नाशिकला. तिथं आपलं कोणी नातेवाईक नाही, त्यामुळे या वेळी मी पहिल्या रांगेत बसून मॅच पाहणार, असं मी जाहीर केलं. मंदा फोन घेऊन अंगणात गेली. काल दुकानात फोन आला. मंदाच्या चुलत मावशी, लग्नात एकदाच पाहिलेल्या. गेल्या वर्षापासून नाशिकला राहतात म्हणे.

"जवाईबापू, नाशिकले येऊन राहिले ना? घरी याच लागते. आमची मोटर बिघडते हो."

"कवा बिघडली, मावशी?"

"अजून नाई बिघडली. रविवारी बिघडनार हाये, सकाळी दहा वाजता."

मी पाना-पकड पिशवीत भरून ठेवली आहे. कंडेन्सरही एक जास्तीचा घेतला आहे, न जाणो, खरंच बिघडली तर!