खोट्या माणसाला जांभई येत नाही

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मोबाइलवर नाव वामनचंच होतं. सकाळचे आठ-सव्वाआठ झाले असतील. मी मंगरूळपीरच्या घरी पेपर चाळत बसलो होतो. फोन उचलला तर पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज. "वामनभाऊ गेले पहाटे. बारा वाजता नेनार हाय. तुमी या." आपण कोण, असं विचारलं तर म्हणाला, "मी धनजचा, त्याइचा साळा." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि... खरं सांगायचं तर विश्वास ठेवला नाही. पंधरा वर्षांपूर्वी वामनने असंच स्वतःच्या मरणाचं खोटं कळवलं होतं. आवाज बदलून त्यानेच फोन केला होता. मी कामावर रजा टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशी त्याचं गाव, इंझोरी, गाठलं, तर हा ओट्यावर बसून पेरू खात होता. "पाहून राह्यलो होतो, येतो का नाई," एवढंच म्हणाला आणि अर्धा पेरू माझ्यापुढे धरला. त्यानंतर मी महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

म्हणून या वेळी मी चहा संपवला. त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीवहिनींच्या फोनवर दोनदा रिंग दिली, कुणी उचलला नाही. त्याच्या शेजाऱ्याला विचारून पाहावं, असंही वाटलं. नऊची गाडी गेली, मी साडेदहाची पकडली. इंझोरीत उतरलो तेव्हा तिरडी उचलली होती. मी मागून चालत गेलो, आणि चितेवर ठेवेपर्यंत पांढऱ्या कापडाखालच्या त्याच्या छातीकडे पाहत राहिलो. कापड हलतं का, हे पाहत होतो. सदुसष्ट वर्षांच्या माझ्या मित्राला मी अखेरपर्यंत असा तपासत होतो.

तपासणं हा माझा धंदाच होता. मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. माणूस दिसला की आधी संशय घ्यायचा, मग नमस्कार करायचा, अशी सवय तीस वर्षांत लागते. वामनची ओळखही तशीच झाली. मंगरूळपीरहून निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर एक सडपातळ तरुण शेतकरी चादरीत गुंडाळलेलं मोठं बोचकं मांडीवर घेऊन बसला होता. तिकीट होतं, पण नजर चुकवत होता. मी म्हटलं, सोड ते. त्याने हळूच गाठ सोडली. आत भाड्याने आणलेला व्हिडिओ प्लेअर आणि तीन कॅसेट. कॅसेटच्या वेष्टनांवर खवल्यांचे हात, लाल डोळे, आकाशातून उतरणारी तबकडी. गाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो कानकोंडा झाला. आणि मी, ज्याला गाडीत सगळे घाबरत, मी खाली वाकून त्याच्या कानात विचारलं, "यातला हा काळा-पांढरा पिक्चर चांगला आहे का?" अकोल्याला नोकरीत नवीन होतो तेव्हा टॉकीजच्या मॅटिनीला लागणारे असले विलायती चित्रपट मी कुणाला न सांगता पाहिले होते. घरी सांगितलं असतं तर वडिलांनी डोक्यात पाणी ओतलं असतं. वामनने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला वाटलं, हा साहेब आपल्याला अडकवतो आहे. मग म्हणाला, "आयतवारी या. खुद पाहा."

त्या आयतवारी जो गेलो तो पुढे तीसेक वर्षं जात राहिलो. संध्याकाळी लाइन जायची, म्हणून भुताखेतांचे आणि परग्रहांचे चित्रपट आम्ही भर दुपारी पाहिले. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला तुरीची पोती ठेवायची खोली होती. तिच्या खिडकीला तो बारदाना ठोकायचा, दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचा. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत आम्ही दोघे घामाने निथळत, बर्फाळ प्रदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत काय चाललंय ते पाहत बसलेलो. इंग्रजी मला थोडं यायचं, त्याला अजिबात नाही. पण गोष्ट त्यालाच आधी कळायची. पहिल्या दहा मिनिटांत तो बोट रोखायचा. "हा. हाच मानूस बदलेल हाय." मी विचारायचो, कशावरून? "लय गोड बोलून राह्यला." दहात आठ वेळा त्याचं खरं निघायचं. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, तरी खोली तीच राहिली. गावात त्याला लोक भुताचा वामन म्हणत. सात एकर कोरडवाहू जमीन तो नेकीने वाहत होता, कुणाशी वाकडं नव्हतं. पण माणसं जशी दिसतात तशी असतात, यावर त्याचा कधीच भरवसा नव्हता. माझाही नव्हता. आमची दोस्ती त्यावरच उभी होती, असं आता वाटतं.

त्यातला एक चित्रपट आम्ही किती वेळा पाहिला, मोजदाद नाही. लहानशा गावात परक्या ग्रहावरचे जीव येतात आणि एकेका माणसाचं हुबेहूब रूप घेतात. चेहरा तोच, चालणं तेच. फक्त त्यांना जांभई येत नाही. समोरच्याने जांभई दिली की आपल्याला आवरत नाही, पण त्यांना काहीच होत नाही, आणि गावातली एक बाई तेवढ्यावरून खोट्यांना ओळखते. तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. मी अंगणात पाय ठेवला की वामन आधी तोंड वासून मोठी जांभई द्यायचा. मला ती यायचीच. मग म्हणायचा, "ये बे चेकर. तूच हायस." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "दोघंबी येडे हाय." रुक्मिणीवहिनींनी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. पण मध्यंतराला चहा दारात ठेवायला कधी विसरल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावरच्या एका आयतवारी मी गेलो, तर वामन दारातच उभा होता. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळत म्हणाला, "या साहेब. बसा." उभ्या आयुष्यात त्याने मला अहो-जाहो केलं नव्हतं. मला वाटलं, खेळ नव्या तऱ्हेने चाललाय. मीही गंभीर चेहऱ्याने बसलो. त्याने समोर बसून हळूहळू जांभई दिली, अन् माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिला. मला जांभई येत होती. मी जबडा आवळला, जीभ टाळूला लावली आणि ती गिळून टाकली. मजा म्हणून. वामनने मान डोलावली. "समजलं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं, त्याला मी अभिनय समजलो. मनातल्या मनात दादही दिली.

असे तीन आयतवार गेले. तिन्ही वेळा मी जांभई दाबली. चौथ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. आवाज घोगरा होता. "भाऊजी, तुमी या. हे मले इचारतात, तू कोन हायस. काल ठान्यात जाऊन आले. मानसं बदलली म्हनून नाई, बायको हरवली म्हनून सांगून आले. मी त्याइच्या बाजूलेच उभी होती."

अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, बराच वेळ प्रश्न विचारले. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. चेहरा ओळखायला येतो, पण तो पाहून आतून जी आपलेपणाची खूण पटते, ती पटेनाशी होते. मग रोगी म्हणतो, दिसतो तसाच, पण हा तो नव्हे. जवळच्या माणसांच्या बाबतीत हे जास्त. वहिनी बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना जांभईचं सांगितलं. माझ्यामुळे झालं का, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, "नाही हो, हे होणारच होतं." मला वाटलं, ते जरा फारच लवकर नाही म्हणाले. तो संशय अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढच्या आयतवारी मी गेलो आणि त्याच्यासमोर जांभया देत सुटलो. खऱ्या, खोट्या, सगळ्या. तो भिंतीकडे सरकत गेला. "शिकून आला," एवढंच पुटपुटला. मी निघून बाहेर आलो, गोठ्याच्या सावलीत बसलो. काय करावं सुचेना. सहज त्याचा नंबर लावला. आत रिंग वाजली, त्याने उचलला.

"चेकर? कुठी हायस बे?"

कितीतरी दिवसांनी तो मला बे म्हणाला होता. आवाजाने मी त्याला मीच वाटत होतो. डॉक्टरांना नंतर विचारलं तर म्हणाले, होतं असं, आवाजाची वाट वेगळी असते. पण त्या क्षणी मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मंगरूळला आहे."

"इकडे येऊ नको. तुह्यावानी एक मानूस येते इथी."

"कसा आहे तो?"

"दिसते तुह्यावानीच. पन तुह्यापेक्षा गरीब वाटते. आता बाहीर गेला. गोठ्यापाशी मान खाली घालून बसला असन."

मी मान वर केली. खिडकीत तो दिसत होता, फोन कानाला लावलेला, माझ्यावर नजर ठेवून.

त्यानंतर तसंच ठरून गेलं. आयतवारी दुपारी मी इंझोरीला जायचो, गोठ्यात बसायचो आणि त्याला फोन करायचो. जुने चित्रपट आम्ही फोनवर पुन्हा पाहिले. तो प्रसंगामागून प्रसंग सांगायचा, कुठे कॅमेरा फिरतो, कुठे दार करकरतं, सगळं बिनचूक. मधेच आवाज खाली आणून माझ्याबद्दल मलाच सावध करायचा. वहिनी एकदा कडबा टाकायला आल्या आणि थबकून ऐकत राहिल्या. तेवढ्यात तो म्हणाला, "चेकर, रुक्मिणीचा पत्ता लागला का रे?" मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला.

"मी बोलून राह्यली जी."

खिडकीत त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "कुठून बोलून राह्यली तू?"

"धनजहून. भावाकडं हाव."

"खुशाल हायस ना?"

"हाव. तुमी जेवता का वेळेवर?"

"जेवतो. इथी एक बाई ठेवली त्याइनं. बाई चांगली हाय. सैपाक बरा करते." मग म्हणाला, "पन तू नाई ना. तू सध्या येऊ नको. मी सांगन तवा ये."

वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि उरलेला कडबा टाकला. घरात जाताना पदराने तोंड पुसलं. संध्याकाळी त्याला जेवायला वाढणार त्याच होत्या. त्यानंतर दर आयतवारी माझं बोलणं झालं की त्या पाच-दहा मिनिटं धनजहून बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लगनाले चाळीस वर्सं झाली. इतकं तं हे माह्याशी कधी बोल्ले नोयते."

शेवटच्या आयतवारी मी गेलो नाही. पाठ धरली होती, म्हणून घरूनच फोन केला. खरोखर मंगरूळपीरहून केलेला तेवढा एकच. वामनला धाप लागत होती. "आज तो आला नाई," म्हणाला. मी विचारलं, बरं झालं ना? तो म्हणाला, "काय मालूम. सवय झाली होती त्याची. मानूस वाईट नोयता तो." गुरुवारी छातीत कफ दाटल्याचं निमित्त झालं. शुक्रवारी पहाटे तो गेला, आणि त्याच्याच फोनवरून मला ती बातमी आली, जिच्यावर मी विश्वास ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात, वामन जाऊन पाच आठवडे झाल्यावर, मी इंझोरीला गेलो. मागची खोली उघडीच होती. वहिनींनी खिडकीचा बारदाना काढून टाकला होता, तुरीची पोती नीट लावून ठेवली होती. मी ओट्यावर बसलो. त्या चहा घेऊन आल्या. माझ्यासमोर कप ठेवण्याआधी त्यांनी त्यातला घोटभर चहा बशीत ओतला, माझ्याकडे बघत पिऊन टाकला आणि मग कप पुढे सरकवला. त्यांचा हात तसाच कपावर राहिला.

"उष्टा झाला जी," त्या म्हणाल्या. "ध्यानातच नाई राह्यलं."

तेव्हा कळलं. चहा, भाकरी, दवाईची गोळी... 'ठेवलेल्या' त्या बाईने आधी स्वतः घेऊन दाखवल्याशिवाय वामन संशयापोटी काहीच तोंडात घालत नव्हता. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"दुसरा आनते," म्हणत त्या उठू लागल्या. मी कप ओढून घेतला आणि प्यायला लागलो. चहात साखर कमी होती, वामनला लागायची तेवढीच.