शिंप्याच्या दारापर्यंत

"माझी हाक कुठं कमी झालीय? ही गल्लीच ठार बहिरी झालीय! त्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला चारदा ओरडले, 'दळण झालंऽऽ!' मेल्यानं मान वळवली असेल तर शपथ."

"वहिनी, मी शिंप्याच्या दारात उभी होते," नणंद म्हणाली. "मलाच अर्धीमुर्धी ऐकू आली. त्याच्या कानांना कशाला नावं ठेवतेस?"

गिरणीवालीनं हातातलं माप खाली ठेवलं. सगळी गल्ली तिला भोंगा म्हणायची. गिरणीच्या घरघरीला खाली दाबून तिची हाक पार कोपऱ्यावर जायची, अन् ज्याचं दळण तो डबा न्यायला हजर.

तिचा दमा वीस वर्षांचा. पीठ उडालं, गारठा पडला, की छातीत शिट्ट्या. निळा पंप ओढायचा आणि पुन्हा गिरणीच्या दगडापाशी उभं राहायचं. रोज घ्यायचा तपकिरी पंप फळीवर पिठात पुरला गेला होता. त्रास नसताना औषध घेणारा माणूस तिच्या लेखी अर्धवटच. त्या हिवाळ्यात मात्र तीनदा दवाखाना झाला.

डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. आकडा बघून म्हणाल्या, "मावशी, दर उबळीला फुप्फुसाची थोडी ताकद जातेय. ती सगळी परत येत नाही."

"अहो, पण निळा ओढला की मी ठणठणीत!"

"त्यानं वाट तेवढी मोकळी होते. आतली सूज आपलं काम करतच राहते."

तिनं नळी टेबलावर ठेवली. "म्हणजे दगड रिकामा फिरवला मी."

धान्य संपल्यावर गिरणी चालू राहिली, की दगड दगडाला खातो. छिन्नीनं टाकी लावली की धार येते. झिजलेली जाडी येत नाही. एवढ्या एका चुकीवरून तिनं नवऱ्याला उभा जन्म फैलावर घेतला होता.

"गिरणी बंद केलीत तर उत्तम," बाई म्हणाल्या.

"ते सोडून काय असेल ते सांगा."

बाई हसल्या, पण सगळं नीट सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तपकिरी पंप गिरणीच्या बटणाला दोरीनं लटकला. तो ओढून चूळ भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तोंडाला मास्क. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. पिठाची पिशवी झटकायचं काम नवऱ्याकडं, तेही बाहेर.

"आता मला फैलावर कशावरून घेणार?" त्यानं विचारलं.

"सापडेल काहीतरी."

चार महिन्यांनी तिनं नणंदेला पुन्हा गल्लीत उभं केलं, मास्क खाली ओढला आणि हाकांवर हाका दिल्या. नणंद कोपऱ्यावरून चालत परत आली.

"शिंप्याच्या दारात खणखणीत. कोपऱ्यावर नाही, वहिनी."

"नसू दे. शिंप्याच्या अलीकडं आता हाकेला एक पाऊल येऊ देणार नाही मी."

"आणि सायकलवाला?"

तिनं मोकळा डबा उचलून त्यावर माप असं बडवलं, की कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चर सोडून उभा राहिला.

"बघ, ऐकू येतं मेल्याला!" म्हणत तिनं मास्क वर चढवला आणि पुढचे गहू ओतले.