बटमागची माती

एकाहत्तरची लढाई संपली आणि माझं पोस्टिंग धुळ्याला आलं. मी भडगावचा. फौजेतली इतकी वर्षं बर्फात आणि वाळूत काढल्यावर घरापासून अर्ध्या दिवसावर नोकरी मिळाली, म्हणून पलटणीतल्या लोकांनी माझी भरपूर चेष्टा केली. "हवालदार घरजावई झाला," म्हणाले. मीही हसलो. ट्रेनिंग कॅम्पमध्ये काय असणार? सकाळी पीटी, मग परेड, मग रिक्रूटांवर ओरडणं. फ्रंटवर जे होतं ते इथं होणार नाही, असं मला वाटलं होतं.

मला रेंज सांभाळायला दिली. रेंज म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. आग्रा रोड सोडून आत गेलं की उजाड माळ लागायचा. माळाच्या एका टोकाला फायरिंग पॉइंट, दुसऱ्या टोकाला टार्गेटं आणि टार्गेटांच्या मागं मुरमाचा एक मोठा ढीग. ढीग कसला, टेकाडच. सुटलेली गोळी त्यात घुसून थांबायची. त्याला आम्ही बट म्हणायचो. बटच्या मागं नाला, नाल्यापलीकडं गावाचं गायरान.

गावाची आणि आमची रीत जुनी होती. फायरिंगच्या आदल्या संध्याकाळी कॅम्पचा माणूस कोतवालाला निरोप द्यायचा. कोतवाल गावात दवंडी पिटायचा. दुसऱ्या दिवशी बटवर लाल झेंडा चढायचा आणि गुराखी गुरं दुसरीकडं वळवायचे. गावातल्या पोरासोरांनासुद्धा झेंडा उतरल्याशिवाय नाला ओलांडायचा नाही हे ठाऊक होतं. माझ्या आधीच्या हवालदाराने सांगितलं, "या गावाची काळजी नको. कडक माणसं आहेत."

गावाची काळजी नव्हतीच. काळजी कॉलनीची निघाली.

गायरानाच्या कडेची शेती एका शेठने घेतली, तिचे प्लॉट पाडले आणि तिथं कॉलनी उभी राहू लागली. आपण त्यांना नुसतं शेठ म्हणू. राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, कापडाचं दुकान, बोलायला अतिशय गोड. प्लॉट घेणारे मास्तर, कचेरीतले कारकून, मिलमधले हिशेबनीस. सगळी सरळ माणसं. आयुष्यात एक घर बांधायचं म्हणून आलेली. पण घर बांधताना समोर फौजेची रेंज आहे हे त्यांना दिसलं नाही आणि राहायला आल्यावर मात्र ऐकू यायला लागलं.

मग तक्रारी. पोरं झोपेत दचकतात. परीक्षेचे दिवस आहेत. भिंतीला तडा गेला, तोही आमच्यामुळे. आमचे मेजरसाहेब शेजारधर्म मानणारे. त्यांनी रविवारी फायरिंग बंद केलं. मग दुपारचं बंद केलं. राहिल्या आठवड्यातल्या दोन सकाळी. एके दिवशी शेठ स्वतः कॅम्पवर आले. चहा झाला. म्हणाले, "हवालदारसाहेब, एक विनंती होती. तो झेंडा जरा लहान करता येईल का? प्लॉट बघायला माणसं येतात आणि झेंडा बघून परत जातात."

"शेठ, माणसं परत जावीत म्हणूनच तो लावलाय," मी म्हणालो.

ते मनापासून हसले. मला काही हसू आलं नाही.

एका सोमवारी मी बटच्या मागं गेलो. एरवी तिकडं जायचं कारण पडत नसे. तपासणी पुढूनच व्हायची आणि पुढून बट ठणठणीत होता. मागं जाऊन पाहिलं तर अर्धा बट गायब. खरवसाची वडी कापावी तसा मुरूम उभा कापून नेलेला. खाली बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, त्या सरळ कॉलनीत गेलेल्या. घरांच्या जोत्यात भरायला मुरूम लागतो. इथं तो फुकट होता, खणायला मऊ होता आणि रविवारी हटकायला कोणी नव्हतं. वरचा भाग खालच्या पोकळीवर नुसता लटकत होता. मी हाक मारली तरी खडे घरंगळले.

आता हे कोणाला सांगायचं? मी सुभेदारसाहेबांबरोबर सगळीकडं फिरलो. तहसील कचेरीत म्हणाले, बटचा पुढचा भाग तुमचा, मागचा कागदोपत्री गायरानात येतो, आधी मोजणी होऊ द्या. ग्रामपंचायतीत म्हणाले, खणणारे कॉलनीचे, कॉलनी आमच्यात नाही. नगरपालिकेत म्हणाले, कॉलनी अजून आमच्या हद्दीत आलेली नाही. कोतवालाला म्हटलं, बाबा, निदान दवंडी तरी कॉलनीत पिट. तो म्हणाला, "तठे मनी हद्द नही, साहेब. बिगर हद्दीनं मी ढोल वाजाडसू त मालेच इचारतीन." तेही खरंच होतं. प्रत्येकाचं खरंच होतं, आणि त्याचाच मला संताप यायचा. खोटं बोलणारा भेटला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेठना सांगितलं. ते घाबरले. कॉलनीची घरं बांधणाऱ्या कंत्राटदाराला माझ्यासमोर झापलं. कंत्राटदाराने मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यात बटच्या दुसऱ्या टोकाला खणायला सुरुवात केली.

मेजरसाहेबांनी दुरुस्तीची मागणी वर पाठवली. उत्तर येईपर्यंत मुरूम जास्त उरलेल्या भागासमोरच टार्गेटं लावायची आणि मागं एक पहारा वाढवायचा, असं ठरलं. रिक्रूटांची बॅच पुढं जायची होती. फायरिंग न करता जवान पुढं पाठवता येत नाही. मागच्या पहाऱ्याला मी लान्सनायक भिकाला नेमलं.

भिका पाचोऱ्याजवळच्या खेड्यातला. घरी फक्त आई. अंगाने किरकोळ, पण चिवट. कमी बोलायचा. लढाईत पाय थोडा दुखावला म्हणून त्याला कॅम्पवर पाठवलं होतं. लंगडतो असं कोणी म्हटलं की राग यायचा त्याला. एकदा मला म्हणाला, "उस्ताद, इथं राहून मला फौजेत असल्यासारखं वाटत नाही. वॉचमन झालोय." मी म्हणालो, वॉचमन तर वॉचमन, नीट कर. त्याने नीटच केलं. प्रत्येक फायरिंगच्या दिवशी तो बटमागचा खड्डा स्वतः चालून बघायचा, मग नाल्याच्या कडेला आपल्या जागेवर जायचा आणि फील्ड टेलिफोनवरून सांगायचा, "मागं साफ."

त्या शुक्रवारीही त्याने तसंच सांगितलं. सकाळची वेळ. दवंडी आदल्या संध्याकाळी गावात झाली होती. झेंडा वर होता. रिक्रूटांच्या तुकड्या, म्हणजे डिटेल, पाळीपाळीने झोपून फायर करत होत्या. तिसरी डिटेल पुढं आली आणि टेलिफोन वाजला.

"उस्ताद, मागं माणसं. नाल्यातून शिरली. खड्ड्यात आहेत."

मी ओरडलो, "सीझ फायर!" शिट्टी मारली. रायफली खाली झाल्या. एका क्षणात माळ शांत झाला.

"फायर बंद," मी फोनवर सांगितलं. "किती आहेत?"

"चार. एक बाई आहे. हाका मारतोय, ऐकत नाहीत."

"थांब तिथंच. मी येतो."

"वरून माती सुटतेय, उस्ताद. मी काढतो त्यांना."

"भिका, थांब."

फोनवर पुढं काही आलं नाही. मी धावत सुटलो. फायरिंग पॉइंटपासून बटला वळसा घालून मागं जायचं म्हणजे मोठा पल्ला. मी बटच्या कडेला पोचलो तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. मग धूळ.

धुळीतून तिघं बाहेर येऊन उभी होती. दोन पुरुष आणि बाई. चौथा, एक म्हातारा, ढिगाऱ्याच्या कडेला पालथा पडला होता. कमरेपर्यंत मातीत, पण जिवंत. साक्रीकडची माणसं. तिकडं त्या वर्षी काम नव्हतं म्हणून धुळ्याला आली होती. आदल्या दिवशीच कंत्राटदाराने कामावर लावली होती. बाई पुढं आली.

"आम्हले कोणी सांगं नही, दादा," ती म्हणाली. "त्या भाऊनी हात धरी धरी बाहेर काढं. बाबा परत मझार गया. मनी कुदय ऱ्हायनी म्हने. भाऊ त्यानामांगे गया. बाबाले ढकलं, आनि..."

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. कुदळ त्यांची होती. कुदळ गेली तर उद्याचं काम गेलं, म्हणून म्हातारा आत गेला होता. त्याला मी दोष देत नाही.

आम्ही हातांनी उपसलं. रिक्रूट धावत आले, घमेली आली, फावडी आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यांनी अजून लढाई बघितली नव्हती. कॉलनीच्या गच्च्यांवर माणसं उभी राहून बघत होती. खाली कोणी आलं नाही. भिकाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर एक ओरखडासुद्धा दिसत नव्हता. फक्त नाकातोंडात मुरूम. कॅम्पच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात खाली ठेवला.

शेठ इस्पितळात आले. टोपी काढून कोपऱ्यात उभे राहिले आणि ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं. शेठ वाईट माणूस नव्हते, हेच तर माझं दुखणं आहे. मी कोणाची गचांडी धरू?

चौकशी झाली. ड्यूटीवर अपघाती मृत्यू, असं ठरलं. कंत्राटदाराने मजुरांना दुसऱ्या दिवशी तिथून हलवलं; कुठं, ते कोणी सांगितलं नाही. आणि जी मोजणी इतके महिने होत नव्हती ती आठवडाभरात झाली. मोजणीत निघालं की रेंज वस्तीच्या फार जवळ आहे, तेव्हा रेंजच हलवावी. वस्ती रेंजजवळ आली हे कुठल्याच साहेबाच्या बोलण्यात आलं नाही. आम्ही झेंडा उतरवला, टार्गेटं उचलली आणि दूर दुसऱ्या माळावर गेलो. पावसाळ्याआधी उरलेला सगळा बट गाड्या भरभरून कॉलनीत गेला. ज्या मातीने भिकाला मारलं तिच्यावर आज माणसांचे संसार उभे आहेत. बहुतेकांना हे माहीतही नाही.

भिकाच्या आईला भेटायला मी गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.  शेवटी तिने विचारलं, "त्या बठ्ठा वाचनात ना?"

"हो आई. चौघंही."

तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "मंग तेस्नी एक डाव येवाले पाहिजे व्हतं."

मी धुळ्याला परतल्यावर त्या चौघांना शोधत फिरलो. प्रत्येक बांधकामावर विचारलं. साक्रीचा बाजारही पालथा घातला. सापडले नाहीत. मग मी कॉलनीत गेलो. म्हटलं, तुमच्यापैकी कोणीतरी चला, एका म्हातारीला भेटून यायचंय. एका मास्तरांच्या घरी चारपाच जण जमले. सगळे हळहळले. मास्तर म्हणाले, "हवालदारसाहेब, झालं ते फार वाईट झालं. पण ते मजूर काही आमचे नव्हते, आणि ती जागाही कॉलनीच्या हद्दीत येत नाही." मी चहा न पिता उठलो.

फौज सोडून भडगावला आलो तेव्हापासून दरवर्षी भिका गेला त्या दिवशी मी पाचोऱ्याची एसटी धरायचो. म्हातारी ओट्यावर असायची. मी समोर आलो की ती आधी माझ्याकडं बघायचीच नाही. मान वाकडी करून माझ्या मागं रस्त्याकडं बघायची आणि मग विचारायची, "भाऊ, तुनासंगे कोणी उनं नही का?"

"नाही, आई," मी म्हणायचो.

ती गेली त्या वर्षापर्यंत मी एकटाच जात होतो.