शंभरावर अडलेला काटा

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे ऐकताना एकाच्या तोंडातला चहा थेट माझ्या धोतरावर आला होता!

मी मालवणात गणिताचा मास्तर. आणि शेण खाल्लं तेही गणितातच!

झालं असं, की पोटात अल्सर निघाला आणि मिरजेला ऑपरेशन झालं. सर्जननी अर्धं पोटच कापून टाकलं. मी तेव्हा तीन मणांचा, म्हणजे एकशेवीस शेरांचा गडी! आमचे कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, एका परीनं बरंच झालं. आता चार घास खा आणि उठा. वजन उतरलं तर गुडघे वाचतील, काळीजही वाचेल."

'काळीज' म्हटल्यावर आमच्या हिचा चेहरा पडला. तेव्हापासून ती माझं ताट वाढायची की कावळ्याला पान ठेवायची, कळत नसे.

माणसाचं वजन करायचं कुठे? तात्यांच्या खोबऱ्याच्या वखारीत! मोठा काटा, एका फळीवर मापं, दुसऱ्या फळीवर मी, पोत्यासारखा. मणात फरक समजत नाही म्हणून मी तात्यांना शेरातच सांगायला लावायचो. एकशेवीस... एकशेदहा... एकशेपाच... शंभर!

आणि शंभरावर गाडी अडली. दर रविवारी तात्यांचं तेच. "शंभर!" पेज पिऊन शंभर, उपास करून शंभर, किल्ल्यासमोरच्या वाळूत घाम गाळून शंभर! दोन महिने हा छळ. शेवटी मी फळीवर बसलो की डोळेच मिटून घ्यायला लागलो.

मग एके दिवशी डोकं फिरलं. उपाशी राहूनही शंभर, मग उपाशी मरायचं कशाला?

"गो, बांगड्याचा तिखला कर," मी हिला म्हटलं.

"आवो, डॉक्टरान सांगल्यानी काय नि तुमी करतास काय?"

"कर गो! जा काय होवचा ता होवंदे!"

अर्ध्या पोटात एका वेळी मावणार किती? म्हणून मी दिवसभर खाल्लं. चार घास तिखलं, मग दोन घावणे, मग नारळाच्या गोड रसात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. आठवडा संपल्यावर डोळे घट्ट मिटून फळीवर बसलो.

"त्र्याण्णव!" तात्या ओरडले.

"काय?"

"त्र्याण्णव, मास्तरानू! उतारलास की!"

मी फळीवरून उडी मारली. अहो, खाऊन सात उतरले! मला जागच्या जागी शास्त्र सुचलं. शरीर म्हणजे म्हैस. पेंड दिली नाही तर रुसून बसते, पेंड दिली की चालू लागते!

शास्त्र मनात ठेवेल तो मास्तर कसला? कापडवाले बाबलशेट देहानं माझे थोरले भाऊ शोभतील. गणपतीच्या दिवसांत त्याच काट्यावर एकशेदहा भरले होते. त्यांना मी पेंड लावली. आठवडाभर त्यांनी कोंबडी-वडे हाणले आणि काट्यावर बसले. एकशेचार!

"मास्तरानू, तुमी देवमाणूस!" बाबलशेटनी भर बाजारात माझे पाय धरले. मग काय! बाजारातला जो तो जाडा माणूस माझा सल्ला घेऊन जेवू लागला. कुणी सुरमई, कुणी खाजं. घराघरांतल्या बायका मला शिव्या घालत होत्या म्हणे, पण शास्त्राला विरोध व्हायचाच!

तपासणीला कणकवलीला निघालो तर बाबलशेटही एस.टी.त चढले. डॉक्टरांच्या काट्यावर मी छाती काढून उभा राहिलो. तो काटा रतलाचा, म्हणजे पौंडाचा.

"मास्तर, गेल्या खेपेपेक्षा सहा रतल वाढलात."

"शक्यच नाही. तुमचा काटा बिघडलाय."

"बरं. वखारीत किती भरलात?"

"त्र्याण्णव!"

"त्र्याण्णव काय?"

"त्र्याण्णव म्हणजे... त्र्याण्णव!"

वर्गात एखाद्या पोरानं नुसता आकडा लिहिला की मी ओरडतो, "काय? आंबे की म्हशी?" आणि इथे मीच नुसता आकडा सांगून बसलो होतो.

"अहो, सरकारनं शेर बंद करून किलो आणलेत. बाजारात नवी मापं आली, पाहिली नाहीत? शंभर शेरांचे किलो होतात त्र्याण्णव."

पाहणार कशी? डोळे मिटलेले होते ना! आणि तात्यांनी तर नव्या मापांवरचा नुसता आकडा वाचला होता.

मागे बाबलशेट खाली बसले. "म्हणजे माझे एकशेचार..."

"किलो," डॉक्टर म्हणाले. "आधीपेक्षा जास्तच."

मग मला जवळ बसवून ते शांतपणे बोलले. "वजन मध्येच थांबतं, मास्तर. शरीराला नव्या पोटाची सवय व्हायला वेळ लागतो. घाबरू नका, उपाशी राहू नका. फक्त तो नारळाचा रस आवरा, आणि रोज चाला."

तसं केलं. वजन उतरलं, पण बैलगाडीच्या चालीनं. हिच्या चेहऱ्यावर हसू आलं, ती माझी खरी कमाई.

बाजाराला मात्र विसर पडला नाही. पुढच्याच महिन्यात वरून हुकूम आला, की गणिताच्या मास्तरांनी व्यापाऱ्यांना नवी मापं समजावून द्यावीत. मी चावडीवर उभा राहिलो. समोर सगळे जाडे पहिल्या रांगेत! मी खडू उचलला, तोच तात्या उठले.

"मास्तरानू, शेर नि किलो ह्येच्यात फरक कितको, ता फळ्यार नको. जरा तुमच्या पोटार लिवन दाखवा!"