उन्हात ठेवलेल्या प्लेटा

"झाकण काढायला विसरलीस तू," असं सर म्हणाले आणि माझी कानशिलं तापली. केलेली चूक कुणी दाखवली तर मला चालतं. न केलेली पदरात घातली तर चालत नाही. आई म्हणायची, हिच्या जिभेला लगाम नाही. नसेल. पण त्या दिवशी मी झाकणं काढली होती, एकेक करून, आणि बेंचवर रांगेत मांडून ठेवली होती.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळच्या एस.टी.नं तेरहून धाराशिवला कॉलेजात यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. प्रोजेक्टला सर माझे मार्गदर्शक होते आणि मला अतिनील किरणांचा विषय मिळाला होता. माणसाच्या आतड्यात राहणारा एक नेहमीचा जिवाणू घ्यायचा, प्लेटमधल्या खाद्यावर पसरायचा आणि यूव्ही दिव्याखाली कमी-जास्त वेळ धरायचा. झाकण पारदर्शक असलं तरी त्यातून ते किरण आत जात नाहीत, म्हणून झाकण काढायचं. मग प्लेटा झाकून इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी किती जिवाणू जगले ते मोजायचं. जो जगतो त्याची पिलावळ वाढून एक पांढुरका ठिपका होतो. वेळ वाढेल तसे ठिपके कमी होतात आणि शेवटच्या प्लेटवर काही उरत नाही. पुस्तकात तसं होतं, माझ्या आधीच्या सगळ्या पोरापोरींच्या वह्यांत तसं होतं, आणि पहिल्या दोन खेपांना माझंही तसंच आलं.

तिसऱ्या खेपेला शेवटच्या प्लेटवर ठिपके होते. पाच-दहा नव्हेत, मोजताना डोळ्यांत पाणी यावं इतके.

"शून्य लिही आणि पुढं चल," सर म्हणाले.

"पण शून्य नाही, सर."

"आधी दोनदा शून्यच आलंय ना? मग तिसऱ्यांदा तूच घोळ घातलास. झाकण ठेवून दिवा लावला असशील."

सर तसे वाईट नव्हते. पोरांची फी स्वतःच्या खिशातून भरलेली मी पाहिली आहे. पण त्यांना सगळं आखीव लागायचं. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि दिसत होता तोच आकडा लिहिला. ते उठून गेले. मलाही नंतर धाकधूक झाली, खोटं कशाला सांगू. कारण ठिपके का आले हे मलाही ठाऊक नव्हतं.

ते मला प्रयोगशाळेतल्या मामांनी सांगितलं. मामा म्हणजे आमचे परिचर. काचेची भांडी धुणं, खाद्य शिजवणं, दिवे-पंखे बंद करणं, सगळं त्यांच्याकडं. कित्येक वर्षं ते तात्पुरत्या नेमणुकीवरच होते. मी त्यांना विचारलं, गुरुवारी मी दिव्याखालून प्लेटा काढून तुमच्याकडं दिल्या, त्या तुम्ही लगेच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या ना?

"ठिवल्या की. पर तुमी क्लासला गेलाव आन लाईट गेली. गुरवारी जातीच की दिवसभर. हात घालून बघतोय तर आत गारठा. मंग म्या खिडकीत मांडल्या उन्हाला."

"उन्हाला?"

"मग वो. थंडीच्या दिसात मटकीला तरी मोड येत्यात का ऊन दावल्याबिगर? काच लावून घेतली व्हती, धूळ न्हाय बसू दिली. संध्याकाळी लाईट आली की पुन्यांदा आत ठिवल्या." मग माझं तोंड बघून म्हणाले, "चुकलं का काय, ताई?"

मी आधी चिडले. माझ्या प्रयोगाची मटकी केली म्हणून चिडले, आणि ते मी बोलूनही दाखवलं. मामा फडक्यानं बेंच पुसत राहिले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. कारण त्याच दुपारी जुन्या नोट्स चाळताना मला दोन ओळी सापडल्या. सरांनीच पहिल्या वर्षाला सांगितलेल्या, आम्ही माना खाली घालून उतरवून घेतलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या.

अतिनील किरण डीएनएवर पडले की साखळीतली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. दप्तराची चेन दोन दाते चिकटून अडकावी, तसं होतं. पुढं वाचता येत नाही, नक्कल निघत नाही, जिवाणू वाढत नाही. पण त्या जिवाणूकडं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते अंधारातही त्या चिकटलेल्या जागेवर जाऊन बसतं, मात्र सोडवायचं काम उजेड मिळाल्याशिवाय करत नाही. उजेड मिळाला की त्याच्या जोरावर ते दोन्ही अक्षरं मोकळी करतं आणि निघून जातं. साखळी होती तशी होते. इन्क्युबेटरच्या आत अंधार असतो. आम्ही दरवर्षी जिवाणूंना मार द्यायचो, लगेच अंधारात कोंडायचो आणि मग लिहायचो, मेले.

पुढच्या गुरुवारी लाईट जायच्या आधी मी परत सगळं केलं. या वेळी सरांना समोर बसवून झाकणं काढली. मग अर्ध्या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळल्या, अर्ध्या तशाच ठेवल्या आणि सगळ्या मामांच्या हातानं त्याच खिडकीत, त्याच उन्हात मांडल्या. ऊब दोन्हींना सारखी, उजेड मात्र अर्ध्यांनाच. दुसऱ्या दिवशी कागदातल्या शेवटच्या प्लेटवर एक-दोन ठिपके होते. उघडीवर बोट ठेवायला जागा नव्हती.

सरांनी दोन्ही प्लेटा शेजारीशेजारी धरून पाहिल्या. "तुमच्याच नोट्समध्ये आहे, सर," मी म्हणाले. मला गप्प बसता आलं असतं, पण मी बसले नाही.

एवढ्यावर सगळं मिटायला हवं होतं. निकाल सरांनी मान्य केला. अडलं ते प्रबंध लिहिताना. मी पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं होतं: वीज नसल्यामुळे प्लेटा खिडकीत उन्हात ठेवल्या होत्या. सरांनी त्या ओळीवर पेन्सिलनं काट मारली. त्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची होती, आणि अहवालात प्रयोगशाळेला जनरेटर आहे असं छापलेलं होतं. जनरेटर होता. तो ऑफिसच्या इमारतीला जोडलेला होता.

"लिही की, ट्यूबलाईटच्या पेटीत ठेवल्या."

"आपल्याकडं पेटी कुठं आहे?"

"मग लिही, कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं उन्हात राहिल्या."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, मामांनी काळजी घेतली म्हणून राहिल्या, निष्काळजी असते तर गार इन्क्युबेटरमध्येच सोडून घरी गेले असते. सर म्हणाले, ओळ राहिली तर सही होणार नाही. सही नाही तर प्रबंध जमा होणार नाही, आणि जमा झाला नाही तर वर्ष गेलं. पुढच्या वर्षी धाकट्या भावाला कॉलेजला घालायचं होतं, आणि आमच्या घरात एका वेळी एकालाच एस.टी.चा पास परवडत होता. वर्ष गेलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. हे सरांनाही माहीत होतं.

घरी आई भाकरी थापत होती. तिनं न बघताच विचारलं, "केली का सही?"

"नाही. एक ओळ काढ म्हणतात."

"मग काढ की. एका वळीनं काय हुतंय?"

मी तिला सगळं सांगितलं. दाते, चेन, काळा कागद, खिडकी. ती ऐकत होती, मधेच भाकरी उलटत होती.

"म्हंजी मेलेलं जितं झालं?"

"मेलेलं नव्हतंच, आई. मोडलेलं होतं. ते स्वतःच दुरुस्त झालं. त्याला उजेड तेवढा पाहिजे होता."

"आन उजेड न्हाय घावला तर?"

"तर दुसरी रीत आहे, अंधारातली. बिघडलेला तुकडा कापून टाकायचा आणि समोरची चांगली साखळी बघून नवा भरायचा. तीही त्याला येते, पण मार फार असेल तर पुरी पडत नाही."

आईनं शेवटची भाकरी तव्यावरून काढली. "बरंच हट्टी हाय की," ती म्हणाली. मग तवा उतरवला. "न्हाय काढायची तर नको काढू. पर सरांम्होरं तोंड वर करून उभी ऱ्हाऊ नगंस, नीट बोल."

नीट बोलायचा मी प्रयत्न केला. जमा करायच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. मामा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा हळूच म्हणाले, "ताई, माझ्यापायी आसंल तर ऱ्हाऊ द्या. लिवा निष्काळजी. मला काय, आज हाय उद्या न्हाय." मी म्हणाले, मामा, तुम्ही आज आहात तर आजचं खरं लिहू द्या.

चार वाजता सरांनी आत बोलावलं. प्रबंध पुढ्यात होता. "एवढ्याशा ओळीसाठी वर्ष घालवणार का तू?"

"ती ओळ काढली तर प्रयोगच खोटा होतो, सर. उन्हाशिवाय ते जिवाणू जगलेच नसते. आणि लाईट गेली नसती तर उन्हात कुणी ठेवलेच नसते." मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "नका करू सही. मी परत वर्ष करीन, कसंही करीन. पण पुढच्या वर्षीही हीच ओळ घेऊन येईन."

त्यांनी माझ्याकडं न बघता सही केली आणि प्रबंध माझ्याकडं सरकवला. मी आभार मानले नाहीत. तेव्हा मला ते कमीपणाचं वाटलं होतं.

व्हायवाला बाहेरगावच्या विद्यापीठातून एक बाई आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून, पान न् पान वाचणाऱ्या. त्या ओळीपाशी त्या थांबल्या. दुसऱ्यांदा वाचली. सर शेजारीच बसले होते. त्यांचे हात टेबलाखाली गेले. समिती येऊन गेली नव्हती अजून.

"सर," बाईंनी विचारलं, "ही ओळ तुम्ही राहू दिलीत?"

मला वाटलं, आता ते माझ्यावर ढकलतील, नाहीतर जनरेटर बिघडला होता म्हणतील.

"मी काढायला सांगितली होती," सर म्हणाले. "तिनं काढली नाही. बरोबर तीच होती."